वहिनींनी पुसलेला चंद्र

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणते. मी त्यांची धाकटी जाऊ, मी म्हणते ते ठीक आहे. पण कोपऱ्यावरचा चांभार वयानं त्यांच्याहून मोठा, तोही वहिनी म्हणतो, आणि परवा एक पोरगं शाळेतून येता येता "वहिनी, माझा पासपोर्ट फोटो झाला का?" म्हणून ओरडलं, तेव्हा मी काउंटरवरूनच त्याला "तुझा कुठला भाऊ रे आमच्यात?" असं विचारलं. वहिनी आतून हसल्या. त्या कशालाच चिडत नाहीत. घरातला चिडण्याचा सगळा वाटा माझ्याकडे आलाय आणि मी तो मनापासून सांभाळते.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो आमचे हे काढतात. काउंटर मी बघते. आतल्या खोलीत खिडकीला लागून एक टेबल आहे, तिथे वहिनी टचिंगचं काम करतात. म्हणजे फोटोवरची धूळ, ओरखडे, डाग काढायचे आणि चेहरा स्वच्छ करायचा. हे काम त्यांना मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, लग्नानंतर शिकवलं. तेव्हा सगळं ब्रशनं चालायचं. ब्रशचं टोक जिभेला लावून बारीक करायचं, शाईत बुडवायचं आणि ठिपक्यावर जेमतेम टेकवायचं. पुढे मोठे दीर गेले, मामंजी गेले, कॉम्प्युटर आला. ब्रश डबीत गेला आणि वहिनींनी माउस हातात धरला. टेबल मात्र तेच राहिलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर तेल सांडलं तर त्या शांतपणे ओलांडून जातील, पण फोटोवर धुळीचा कण दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. मी त्यांना डागबाई म्हणते. त्यांना राग येत नाही, त्यामुळे म्हणण्यात काही मजा नाही, पण जिभेला सवय लागली ती लागलीच.

समोर बेकरी आहे. ती चालवणाऱ्या बाईंना आम्ही बेकरीताई म्हणतो. वयानं वहिनींपेक्षा बऱ्याच लहान, पण दोघींची अशी गट्टी की दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की एक कुणीतरी रस्ता ओलांडायचीच. काय बोलायच्या देव जाणे. मी गेले की म्हणायच्या, "काही नाही गं, सहजच."

गेल्या वर्षी बेकरीताईंनी त्यांच्या आईचा फोटो वहिनींकडे आणला. आई जाऊन खूप वर्षं झालेली. मोठा असा तो एकच फोटो, आणि भिंतीची ओल लागून त्याच्यावर बुरशी चढलेली. वहिनींनी तो स्कॅन केला आणि जीव ओतून साफ केला. इतकं सुंदर काम मी त्यांच्या हातचंसुद्धा क्वचित बघितलंय. बेकरीताई आल्या, कागद उलगडला, बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, आईचा तीळ कुठाय?"

"कुठला तीळ?"

"गालावरचा. उजव्या गालावर होता तो. मी लहानपणी त्याच्यावर बोट ठेवून झोपायचे."

वहिनींनी मूळ स्कॅन उघडला. उजवा गाल मोठा करून बघितला. तिथे काहीच नव्हतं. ओल दुसऱ्या बाजूनं चढलेली, त्यामुळे उजवीकडे बुरशीचाही ठिपका नव्हता. वहिनी सरळ मनानं म्हणाल्या, "इथे तर काहीच नाही गं. तुझ्या आठवणीत गल्लत होत असेल. लहान होतीस तू."

बेकरीताईंचा चेहरा खर्रकन उतरला. "माझ्या आईचा चेहरा मी विसरेन?" एवढंच म्हणाल्या. जुना फोटो उचलला, नवा टेबलावर तसाच ठेवला, आणि गेल्या.

त्या दिवसापासून बोलणं बंद. पाव आणायला मी जायचे. मला नीट द्यायच्या, वर एखादं बिस्कीटही ठेवायच्या, पण "वहिनी बऱ्या आहेत का?" हे शब्द काही तोंडातून निघायचे नाहीत. इकडे वहिनी दर दोन दिवसांनी मला विचारायच्या, "माझं काय चुकलं गं? उजव्या गालावर नव्हताच तीळ." मी म्हणायचे, "नव्हता तर नव्हता, सोडा." पण त्यांना सोडता येत नव्हतं. आणि त्यांचा हात गेला. आपण पुसतोय तो डागच आहे की माणसाचं काही आहे, याचा त्यांना भरवसा वाटेना. एका नवऱ्यामुलाच्या कपाळावर माशी बसलेली होती. वहिनींनी ती "असेल बाई जन्मखूण" म्हणून तशीच राहू दिली. तो मोठा फोटो फ्रेम होऊन त्याच्या सासरी गेला आणि तिथून आमच्याकडे परत आला. काउंटरवर काय ऐकून घ्यावं लागलं ते मलाच माहीत.

मग वहिनी म्हणाल्या, डोळे गेले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. वहिनींनी कॉम्प्युटरवर कापड घातलं आणि खिडकीतून समोरच्या बेकरीकडे बघत बसायला लागल्या. मला खरं सांगायचं तर धडकी भरली होती. या दोघींचं पुन्हा जमलं नाही तर वहिनी त्या खुर्चीतून उठतील त्या कायमच्याच, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्या खुर्चीशिवाय वहिनी म्हणजे कोण, हे मला सांगता आलं नसतं.

अशात एक दिवस वाचनालयाच्या बाई आल्या. त्या मुलांसाठी वेगळी खोली करत होत्या आणि तिथली एक आख्खी भिंत रिकामी होती. त्यांना अवकाशाचा मोठ्ठा फोटो हवा होता. "फोटो कुठून आणायचा?" मी विचारलं. "आमचे हे स्टँड घेऊन एवढ्या वर जाणार नाहीत."

बाई म्हणाल्या, "फोटो आहेत हो. लाखोंनी आहेत. अवकाशयानांनी पाठवलेले सगळे फोटो लोकांसाठी खुले ठेवलेत. कुणीही बघावेत, उतरवून घ्यावेत, छापावेत. दाखवू का?"

आतला कॉम्प्युटर एकच. वहिनींना कापड काढावं लागलं. बाईंनी तो संग्रह उघडला आणि सांगितलं की दोन प्रकार आहेत. एक सजवून रंग भरलेले, ते सगळ्यांनी पाहिलेलेच असतात. दुसरे कच्चे, यानानं जसे पाठवले तसे. काळेपांढरे. त्यांनी एक कच्चा फोटो उघडला आणि आम्ही तिघीही पुढे वाकलो. कडीवाला ग्रह, शनी, अर्धा अंधारात, अर्धा उजेडात. आणि सगळ्या फोटोभर ठिपकेच ठिपके, पांढरे, काळे, काही गोल वळ्यांसारखे.

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या. "हे कुणी साफच केले नाहीत?"

माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. हात माउसवर गेला होता.

नंतर बाई गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "इथे बरं आहे गं. इथे कुणाची आई नाही."

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते काय सांगू. लोकांच्या मागे शनी लागतो, आमच्या वहिनी शनीच्या मागे लागल्या. सकाळी दूध गॅसवर ठेवायचं आणि "एकच फोटो बघून येते" म्हणून आत जायचं. दूध ओट्यावरून खाली, खालून दारापर्यंत, आणि वहिनी शनीच्या कड्यांत. मी किंचाळले की बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "चिडू नकोस, चल तुला गंमत दाखवते." आणि मी, गाढवासारखी, हातात फडकं घेऊन जायचे. गंमत खरंच असायची ना.

लाल ग्रहावर फिरणाऱ्या गाडीनं फोटो पाठवलेला, आणि त्या फोटोत गाडीचीच लांबलचक सावली पडलेली. वहिनी म्हणाल्या, "सूर्य पाठीशी घेऊन उभं राहिलंय यंत्र. मामंजी असते तर कान धरला असता. स्वतःची सावली फोटोत आणायची नाही, हा पहिला धडा होता आमचा." दुसऱ्या एका फोटोत त्याच गाडीनं स्वतःचाच फोटो काढलेला, अख्खी दिसत होती, पण कॅमेरा धरलेला हात कुठेच नव्हता. वहिनी त्याच्यापुढे कितीतरी वेळ बसल्या. बरेच फोटो जोडून तो एक केलाय, हे त्यांनी शोधून काढलं. "जोड दिसतोय का बघ. नाहीच दिसत. हे काम ज्यानं केलंय ना, त्याला एकदा जेवायला बोलवायला पाहिजे," म्हणाल्या. एका चंद्रावर एवढा मोठा खड्डा होता की चंद्र फुटायचाच राहिला असावा. त्यावर वहिनी म्हणाल्या, "याला मात्र मी हात लावणार नाही. हा डाग नाही, स्वभाव आहे." आमचे हेसुद्धा दुपारचं जेवण झालं की आत जाऊन उभे राहायला लागले. हे लाइटिंगबद्दल बोलायचे, वहिनी फोकसबद्दल, आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी एकटी कुणाकुणाशी भांडू?

पण वहिनींच्या हाताला पुन्हा वळण आलं होतं. भिंतीसाठी शनीचाच फोटो ठरला. त्या रोज थोडा थोडा साफ करायच्या. कॅमेऱ्यावरच्या धुळीची वळी काढली, पांढरे ठिपके काढले, आकाश असं काळंभोर झालं की बघतच राहावं. आम्ही तो पट्ट्यापट्ट्यांत छापून घेतला आणि हे स्वतः जाऊन भिंतीवर चिकटवून आले. वाचनालयाच्या बाई खूश. त्यांनी शेजारी मोठ्या अक्षरात पाटी लावली: 'या चित्रात एक चंद्र लपला आहे. शोधा पाहू.'

आठवडाभरानं त्या स्टुडिओत आल्या. चेहरा असा, की हसावं की रडावं तेच कळत नसावं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आमचा चंद्र तुमच्याकडे राहिलाय का?"

झालं होतं असं, की फोटोखालच्या माहितीत एक छोटा चंद्रही दिसतो असं लिहिलेलं होतं. बाईंनी ते वाचून पाटी केली. स्वतः काही शोधून बघितलं नाही. मग मुलं शोधायला लागली. भिंतीला नाक लावून शोधायला लागली. एकीला सापडला, तो डिंकाचा थेंब निघाला. एकानं बाकावर चढून वरचा अर्धा भाग तपासला आणि पडला. रोज मुलं येत होती, पुस्तकं सोडून चंद्र शोधत होती आणि बाईंना खोटारडं ठरवून घरी जात होती.

वहिनींनी मूळ फोटो उघडला आणि शेजारी साफ केलेला ठेवला. मूळ फोटोत ठिपके शेकड्यांनी, साफ केलेल्यात एकही नाही. वहिनींचा रंग उडाला.

"पुसला मी," त्या म्हणाल्या. "धूळ समजून पुसला."

आता मी काय करावं? मला हसू आलं. आवरेचना. लोकांच्या हातून कप फुटतो, फार तर बशी फुटते. आमच्या वहिनींच्या हातून चंद्र पुसला गेला, तोही अशा ग्रहाचा की ज्याचं नाव घेतलं तरी लोक घाबरतात. मी काउंटरला धरून हसले, मग बाई हसल्या, आणि मला वाटलं आता वहिनी रडणार. पण त्याच आमच्यापेक्षा जोरात हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता.

"बरं, तो होता कुठे ते सांगा. परत आणू," वहिनींनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

बाईंनी माहिती वाचली. "कड्यांच्या खाली, डावीकडे."

वहिनींनी बाण नेला तो भलतीकडेच.

"तिकडे नाही हो, डावीकडे."

"डावीकडेच आहे की. बसलेल्याचं डावं." फोटोच्या धंद्यात डावं-उजवं नेहमी समोर बसलेल्या माणसाचं धरतात. "उजवा खांदा खाली घ्या" म्हटलं की त्याचा उजवा. आमच्या घरात ते इतकं अंगात मुरलंय की जेवताना मीठ उजवीकडे आहे म्हटलं तरी कुणाच्या, ते विचारावं लागतं.

बाई म्हणाल्या, "अहो वहिनी, शनी काय तुमच्या स्टुलावर बसलाय का? बघणाऱ्याचं डावं. सगळं जग डावं म्हणतं ते बघणाऱ्याचंच."

मी पुन्हा हसायला लागले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. माउसवरचा हात तसाच थांबला. बाईंना वाटलं त्यांना वाईट वाटलं, म्हणून त्या घाईघाईनं पुढचं सांगायला लागल्या. डावीकडेही ठिपके पुष्कळ होते, त्यातला चंद्र कोणता? तर संग्रहात त्याच जागेचे लागोपाठ काढलेले आणखी फोटो होते. बाईंनी ते एकामागून एक दाखवले. कॅमेऱ्यावरची धूळ सगळ्या फोटोंत त्याच जागी बसलेली असते. कुठून तरी आलेल्या किरणांचा पांढरा ठिपका एका फोटोत असतो, पुढच्यात नसतो. आणि चंद्र प्रत्येक फोटोत असतो, पण दर वेळी थोडा पुढे सरकलेला असतो. असा एकच ठिपका निघाला. बारीक, मोहरीएवढा.

"हा," वहिनी म्हणाल्या. "चालतोय, म्हणजे त्याचाच आहे."

पट्टी पुन्हा छापायची गरज नाही, म्हणाल्या. डबीतून मामंजींचा ब्रश काढला, पांढरा रंग घेतला आणि आम्ही वाचनालयात गेलो. मुलं गोळा झाली. वहिनी स्टुलावर चढल्या, मी स्टूल धरलं. त्यांनी ब्रशचं टोक जिभेला लावलं, जागा दोनदा मोजली आणि टेकवलं. हात जराही हलला नाही. डिंकाचा थेंब सापडलेली मुलगी म्हणाली, "एवढासाच?" वहिनी वरूनच म्हणाल्या, "लांब आहे म्हणून. जवळून तो या गावाहून मोठा आहे." मुलगी म्हणाली, "मग पुन्हा पुसू नका." वहिनींनी तिला तसं वचन दिलं.

परत येताना मी बडबडत होते. बेकरीसमोर आल्यावर वहिनी थांबल्या. आत गेल्या नाहीत, रस्त्याच्या या बाजूलाच उभ्या राहिल्या.

"लहान पोर आईच्या गालावर बोट ठेवतं," त्या म्हणाल्या, "तेव्हा ते कुठे असतं?"

"कुठे म्हणजे? आईच्या समोर. कुशीत."

"मग त्याचं उजवं म्हणजे आईचं कुठलं?"

मी माझा हात वर केला, त्यांच्या गालासमोर धरला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बेकरीताई उजवा गाल म्हणाल्या तो बघणाऱ्याचा उजवा. म्हणजे आईचा डावा. वहिनींनी धंद्याच्या सवयीनं आईचा उजवा गाल बघितला आणि लेकीलाच सांगितलं की तू आईचा चेहरा विसरलीस.

"ती खरं बोलत होती," वहिनी म्हणाल्या. "वर्षभर मी त्या पोरीला खोटं पाडलं गं." मला त्यांच्याकडे बघवेना.

स्टुडिओत येऊन त्यांनी स्कॅन उघडला. आईचा डावा गाल बुरशीच्या ठिपक्यांनी भरलेला होता. ते सगळे त्यांनी पुसले होते, त्यात तीळही गेला होता. पण त्यातला तीळ कोणता?

"समोर जाऊन विचारा ना," मी म्हटलं. "दहा पावलांवर तर आहे."

"कोणत्या तोंडानं विचारू? आधी तीळ सापडू दे, मग जाते."

"आणि सापडला नाही तर?"

"सापडेल. एका फोटोत कळत नाही. पुढचे फोटो पाहिजेत."

मी म्हटलं, अहो, शनीचे हजारो फोटो निघाले, बिचाऱ्या त्या बाईचा एकच आहे. त्यावर वहिनी म्हणाल्या, "तिच्या आईनं बेकरी उघडली तेव्हा फोटो मामंजींनी काढले होते."

आता मामंजींच्या निगेटिव्ह माळ्यावर. पत्र्याच्या डब्यांत. आमच्या ह्यांना वर चढवलं. दर डब्याला हे शिंकायचे आणि दर शिंकेला म्हणायचे, "हे विकून टाकू म्हणत होतो मी." मी खालून म्हणायचे, "तुम्ही मलाही विकून टाकू म्हणाला होतात, गिऱ्हाईक मिळालं नाही." दुपारभर आम्ही निगेटिव्ह खिडकीशी धरून बघत होतो. कुणाकुणाची बारशी, सत्कार, क्रिकेटचे संघ. आमच्या लग्नातलीही एक पट्टी निघाली, त्यात माझे सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले. ती मी कमरेला खोचली.

आणि मग बेकरी सापडली. नवीकोरी पाटी, पायरीवर माणसं, काउंटरमागे एक तरुण बाई आणि तिच्या कडेवर एक मुलगी. वहिनींनी पट्टी स्कॅनरवर ठेवली. उलटी बसली तर डाव्याचं पुन्हा उजवं होईल म्हणून काढून काढून तपासली. पहिल्या फोटोत बाई समोर बघतेय. गालावर ठिपका. दुसऱ्यात तिनं मान वळवलीय कुणाकडे तरी. ठिपका गालाबरोबर गेलाय. तिसऱ्यात ती हसतेय, गाल वर आलाय, ठिपकाही वर आलाय. आजूबाजूला धूळ होती, ती कॅमेऱ्यातली, जिथल्या तिथे.

"चालतोय," वहिनी पुटपुटल्या. "म्हणजे तिचाच आहे."

पुढचा फोटो उघडला आणि त्यांनी एकदम माझा हात धरला. चौथ्या फोटोत ठिपका नव्हता. मी म्हणणार होते, हे काय आता नवीन, पण मग मलाही दिसलं आणि माझं तोंड मिटलं. माझं तोंड सहसा मिटत नाही.

वहिनींनी आईचा मोठा फोटो पुन्हा केला. बुरशी गेली, तीळ राहिला. मूळ स्कॅनमधला, खरा. मग चौथा फोटोही छापला. दोन्ही पाकिटात घातले, साडीचा पदर सारखा केला, पुन्हा मोकळा सोडला, पुन्हा सारखा केला. "तूही चल," म्हणाल्या. मी काउंटर उघडं टाकून गेले. गिऱ्हाइकांनी काय करायचं ते करावं.

बेकरीताई कणकेत हात घालून उभ्या होत्या. आम्हाला बघून थबकल्या. वहिनी दारातच म्हणाल्या, घाईघाईनं, पाठ केल्यासारखं, "तू बरोबर होतीस. तू बघणाऱ्याचं उजवं म्हणत होतीस, मी बसलेल्याचं धरलं. तुझी आठवण चुकली म्हणाले ते मागे घेते. मला वर्षभर कळलं नाही."

बेकरीताई पुढे आल्या. हात फडक्याला पुसले, पाकीट घेतलं, मोठा फोटो बाहेर काढला. बघितला. आणि बोट उचलून अगदी सरळ त्या तिळावर नेऊन ठेवलं. शोधावं लागलं नाही. पीठ लागलं फोटोला, त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि वहिनींचा हात पीठ पुसायला शिवशिवला, तो मी मागून धरून ठेवला.

"दुसराही बघ," वहिनी म्हणाल्या.

बेकरीताईंनी दुसरा काढला. काउंटरमागे आई, कडेवर छोटी मुलगी. मुलगी पेंगुळलेली, मान आईच्या खांद्यावर, आणि एक बोट आईच्या गालावर ठेवलेलं.

"ही मी?"

"तूच."

बेकरीताईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "याच्यात पण तीळ दिसत नाही, वहिनी."

"हा मी पुसलेला नाही हं," वहिनी म्हणाल्या. "हा तू झाकलायस."

बेकरीताई हसल्या की रडल्या, मला नीट सांगता येणार नाही, कारण माझेही डोळे भरून आले होते. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, वहिनींच्या पाठीवर पिठाचे पंजे उठले, आणि आत भट्टीत कसला तरी करपल्याचा वास सुटला. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, म्हणून शेवटी मीच ओरडले.